अण्णांच्या गाडीतलं पाणी

आग, पाणी आणि तेल यांनी एकमेकांपासून बोटभर अंतरावर राहायचं, एकाच भिंतीला पाठ लावून धावायचं आणि जन्मात कधी भेटायचं नाही. मोटारीच्या इंजिनाचा सगळा संसार या एका अटीवर उभा असतो. खाली बिडाचा ब्लॉक, वर ॲल्युमिनियमचं हेड आणि दोघांच्या मध्ये दीडेक मिलिमीटर जाडीचं गॅस्केट. त्याला सिलिंडरांची चार मोठी गोल भोकं, त्यांच्या भोवती पाण्याची वेडीवाकडी भोकं, कडेला कुठे तेलाचं. नवं गॅस्केट उजेडासमोर धरलं तर पत्रा कमी आणि उजेडच जास्त दिसतो. दोन सिलिंडरांच्या मधली पट्टी तर इतकी अरुंद, की करंगळी आडवी ठेवली तर झाकून जावी. मिनिटाला 3000 फेऱ्यांनी इंजिन फिरत असलं की प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला 25 वेळा भडका उडतो. ज्वाळेचं तापमान 2000 अंशांच्या वर जातं. तिथून अगदी जवळ नव्वदेक अंशांचं पाणी वाहत असतं. मधल्या पत्र्याचं नावही गाडीच्या मालकाला सहसा ठाऊक नसतं. ठाऊक होतं ते खिशाला झळ बसते त्या दिवशी.

अण्णांची प्रीमियर पद्मिनी आंबा घाटात थांबली, ती हीच पट्टी जळाली म्हणून. अण्णा जाऊन बरीच वर्षं झाली, गाडी मी चालवते. ऑक्टोबरातली दुपार होती. रत्नागिरीहून आत्याला घेऊन मी कोल्हापूरला येत होते. साखरपा मागे पडलं, चढ लागला. आधी गाडीचा दम गेला. दुसऱ्या गिअरमध्ये निमूट खेचणारं इंजिन लंगडायला लागलं. कुठला तरी सिलिंडर मध्येच गप्प बसत होता. मग आरशात पांढरा धूर दिसला. पेट्रोल जास्त झालं तर धूर काळा, तेल जळालं तर निळसर आणि पाणी जळालं तर पांढरा, एवढं अण्णांनी मला गाडी शिकवतानाच सांगून ठेवलं होतं. बॉनेटच्या फटीतून वाफ येईपर्यंत मी रुंद वळण गाठलं होतं. इंजिन बंद केलं. आतलं पाणी मात्र नंतरही बराच वेळ गुरगुरत राहिलं.

"दादाची गाडी दादासारखीच तापट," आत्या म्हणाली, आणि उतरून कठड्यावर बसली. तिच्या पिशवीत दोन तवशी होती, पण विळी नव्हती. त्याची चुटपुट तिला गाडीपेक्षा जास्त लागलेली दिसली.

अशा वेळी करण्यासारखं खरं तर काहीच नसतं, आणि काहीच न करणं लोक करू देत नाहीत. रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, कारण आत दाबाखालचं पाणी 100 अंशांच्या पुढे गेलेलं असतं. झाकण सैल झालं की त्याची क्षणात वाफ होते आणि ती थेट तोंडावर येते. इंजिनावर गार पाणी ओतायचं नाही, कारण तापलेलं बीड अवचित गार झालं तर तडकतं. एक ट्रकवाला थांबला, कॅन घेऊनच उतरला. दोन मोटरसायकलवाले थांबले, त्यांनी बाटल्या पुढे केल्या. मदतीला धावलेल्या माणसाला नको म्हणणं घाटात फार अवघड असतं. ट्रकवाल्याने कॅन आत्यापाशी ठेवला, "माझं ऐकू नका, पण पाणी असू द्या," म्हणाला आणि गेला. दरीतून वारा वर येत होता. पावसाळा सरला होता तरी कातळातून कुठे कुठे पाणी झिरपत होतं. मी बॉनेटवर तळहात ठेवून बघायची, काढायची, पुन्हा ठेवायची.

पुढचं थोडक्यात सांगते. टेम्पो, दोरखंड, मलकापुरात चहा, आणि अंधार पडल्यावर कोल्हापूर.

आमचे मिस्त्री अण्णांच्या वेळचे. आता ते हाताने काम करत नाहीत. मुलगा करतो, ते खुर्चीत बसून बघतात आणि बोलतात. सकाळी त्यांनी मुलाला रेडिएटर काठोकाठ भरायला सांगितलं, झाकण उघडंच ठेवायला लावलं आणि म्हणाले, "मार स्टार्टर." इंजिन खोकलं, धरलं, आणि रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे यायला लागले. पाण्यात बुडबुडे म्हणजे सिलिंडरमधला वायू पाण्याच्या वाटेत शिरतोय. मग तेलाचं झाकण उलटं करून माझ्यापुढे धरलं. आतल्या बाजूला पिवळट पांढरा, चिकट फेस जमला होता. म्हणजे पाणी तेलातही उतरलं होतं. एकमेकांना कधीच न भेटणारे ते तिघे शेजारी माझ्या गाडीत एकत्र जमले होते.

"हेड उतरावं लागतंय बगा, ताई."

"मग नवं गॅस्केट टाकून द्या."

"गॅस्केट टाकाय काय, दुपारपत्तोर हुतंय. पर गॅस्केट आपणहून जात न्हाई वो. त्येला कोण तरी घालवतंय. ते हुडकाय पायजे."

या वाक्यासाठी मी त्यांच्याकडे जाते. बाजारात बाटलीतली औषधं मिळतात. रेडिएटरमध्ये ओता आणि निघा, असं त्यांच्यावर लिहिलेलं असतं. आपल्याकडे त्याआधीपासून हळद होती. रेडिएटर गळायला लागला की ड्रायव्हर मूठभर हळद आत टाकायचे. ती फुगून बारीक भोकाशी अडकायची आणि गाडी घरापर्यंत यायची. अण्णांच्या डिकीत जॅकशेजारी हळदीची पुडी असायचीच. हळदीबद्दल मला प्रेम आहे, कारण ती घरापर्यंतचंच बोलते. बाटल्या कायमचं बोलतात, म्हणून त्यांचा मला राग येतो. आगीने खाल्लेल्या पट्टीपुढे दोन्हीही लाचार.

हेड उतरवायला अर्धा दिवस गेला. एअर क्लीनर, कार्बोरेटर, पाइप, रॉकरची दांडी, पुशरॉड. काढलेला प्रत्येक पुशरॉड पुठ्ठ्याला भोकं पाडून ओळीने उभा केला, कारण ज्याची जागा त्यालाच परत द्यायची असते. हे इंजिन 1089 सीसीचं. त्याचं घराणं इटलीतलं. फियाटने 1953 साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात 1100-103 ही गाडी मांडली आणि वर्षभरात ती आपल्याकडे कुर्ल्याला आली. तो कारखाना सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांचा. साखर, जहाजं, विमानं अशा वाटा चोखाळून त्यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याला आधी डॉज आणि प्लिमथ जोडल्या जात, फियाट नंतर आली. तिच्या गोलमटोल अंगामुळे लोकांनी तिला डुक्कर फियाट म्हटलं आणि त्यात कुणाला अपमान वाटला नाही. 1964 मध्ये डिलाइट आली, 1974 मध्ये पद्मिनी हे नाव लागलं. जाळी बदलली, दिवे बदलले, बॉनेटखालचा पिंड तोच राहिला. अण्णांनी नोंदणी केली तेव्हा गाडीसाठी वर्षानुवर्षं वाट बघावी लागायची. आईने तेवढ्यात घर बांधायला काढलं, घर आधी पुरं झालं.

बीड आणि ॲल्युमिनियम यांचा जोडा सोयीचा आहे, पण सरळ नाही. ॲल्युमिनियम हलकं, उष्णता पटकन बाहेर टाकणारं. पण तापलं की ते बिडाच्या दुपटीने वाढतं. अर्ध्या मीटरची पट्टी 80 अंशांनी तापवली तर ॲल्युमिनियम जवळजवळ एक मिलिमीटर वाढेल आणि बीड त्याच्या निम्म्याने. इंजिन सुरू झालं की वरचं हेड खालच्या ब्लॉकवर केसभर सरकतं, गार झालं की परत येतं, आणि या घासाघाशीत दोघांच्या मध्ये असतं ते गॅस्केट. रोजची ही ओढाताण ते वर्षानुवर्षं सोसतं. पण हेड मर्यादेपलीकडे तापलं तर त्याला वाढायला जागा उरत नाही. बोल्टांनी ते जखडलेलं असतं. मग ते जागच्या जागी दबतं, आणि गार झाल्यावर वाकलेलंच राहतं. पत्र्यावरची पकड सुटते. आगीला केसाएवढी फट पुरते.

हेड उचललं तेव्हा गॅस्केट अर्धं खाली आणि अर्धं वर चिकटून आलं. दोन आणि तीन नंबरच्या मधली पट्टी जळून काळी झाली होती, मधोमध पत्रा उरलाच नव्हता. तिथून वरच्या बाजूला, पाण्याच्या भोकापर्यंत आगीने वाट कोरली होती. एक आणि चारच्या पिस्टनवर काजळीचा जाड थर होता, दोनचा पिस्टन मात्र लख्ख. पाणी आत शिरलं की त्याची वाफ होते आणि वाफेने सिलिंडर आतून धुऊन निघतो. चारांत उजळ दिसेल तो आजारी. मिस्त्रींच्या मुलाने बोटाने तो लख्ख पिस्टन दाखवला आणि काही बोलला नाही.

मग त्याने हेड उलटं करून पाण्याच्या वाटेत बॅटरी मारली आणि म्हणाला, "बाबा, चुना."

आत पांढरं होतं. भोकाच्या कडा बुजत आलेल्या, भिंतींवर कवच. स्क्रू ड्रायव्हर लावला तर खपल्या पडल्या. एक मी तळहातावर घेतली. तिच्या कडेला थर दिसत होते, पांढरा, करडा, मध्येच गंजाचा तांबूस, पुन्हा पांढरा. एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या आजूबाजूला, धातू सगळ्यात गरम असतो तिथे, थर सगळ्यात जाड होता. आमच्या न्हाणीतल्या तांब्याच्या बंबात साचायचा तोच प्रकार. जड पाण्यात विरघळलेला चुना पाणी तापलं की बाहेर पडतो आणि तापलेल्या भिंतीलाच धरून बसतो. त्या थरातून उष्णता पुढे जात नाही. म्हणजे पंप फिरत होता, पट्टा ताठ होता, रेडिएटर धड होता, पण जिथे गारव्याची गरज होती तिथे तो पोचत नव्हता.

"हुडकलं का?" मिस्त्री म्हणाले. "ह्येनं घालवलं."

चुना कुठला हे मला विचारावं लागलं नाही.

अण्णा विम्याचं काम करायचे. त्यांचा मुलूख कोल्हापुराच्या पूर्वेला होता, जत, आटपाडी, सांगोला, मंगळवेढा. कोकणातल्या जांभ्यावरचं पाणी हलकं असतं, साबणाला लगेच फेस येतो. पूर्वेकडे काळ्या कातळातलं आणि काळ्या रानातलं पाणी जड आणि मचूळ, डाळ शिजता शिजत नाही. उन्हाळ्यात त्या रस्त्यांवर पद्मिनी तापायची. अण्णा वस्ती बघून थांबायचे, झाकणावर फडकं टाकून वाट बघायचे आणि पाणी मागायचे. दुष्काळी गावात माणसासाठी पाणी मागता येतं, गाडीसाठी मागताना जीभ रेटत नाही. म्हणून ते आधी ओट्यावर बसायचे, विमा सोडून बाकी सगळं बोलायचे, आणि मग उठता उठता विषय काढायचे. लांबून डोक्यावर आणलेल्या हंड्यातली कळशीभर त्या बाया देत. एकदा सुट्टीत मी बरोबर होते. एका आजीने आधी रेडिएटरमध्ये ओतायला कळशी दिली आणि मग मला तांब्या. मला राग आला होता. आजी म्हणाल्या, "तुला चालता येतंय की गं."

रेडिएटरमधलं पाणी उडून जातं, ज्या गावाचं होतं ते गाव आत राहतं. प्रत्येक भरणीबरोबर थोडा जत, थोडा मंगळवेढा त्या भिंतींवर बसत गेला. घरी येऊन मी त्या खपलीवर व्हिनेगरचा थेंब टाकला. तो फसफसला, म्हणजे चुनाच. ती खपली मी टाकून दिली नाही, काडेपेटीत घालून ठेवली. आत्याने ती उघडली, हुंगली आणि विचारलं, "पानाला चालेल?"

हेडमधला बाकीचा चुना मात्र मिस्त्रींनी निर्दयपणे काढला. तारा घालून खरवडला, धुतला, पुन्हा खरवडला. जुन्या गाड्यांचे काही शौकीन असतात, त्यांना गाडीवरची प्रत्येक खूण जपायची असते, नाहीतर सगळ्याच पुसून शोरूमची चकाकी आणायची असते. दोघांनाही गाडी घाटात न्यायची नसते, असा माझा दाट संशय आहे.

हेड घेऊन उद्यमनगरात गेलो. शिवाजी उद्यमनगरातला सकाळचा आवाज मला लहानपणापासून आवडतो. लेथचा, ग्राइंडरचा, पत्र्यावर पत्रा पडल्याचा. ऑइल इंजिनं, पंप, उसाच्या चरकांचे भाग अशा कामांवर या गल्ल्या वाढल्या. अजूनही एखादा तुटका भाग दाखवून असाच दुसरा हवा म्हटलं तर इथे कुणी कंपनीचा पत्ता विचारत नाही. कारागिराने हेडवर सरळ पट्टी आडवी ठेवली आणि खालून फिलर गेजची पाती सरकवायला सुरुवात केली. 0.05 मिलिमीटरची पात शिरली तर एक वेळ चालवून घेता येतं. त्याने पाती बदलत नेल्या, आणि मधोमध 0.20 ची सुळकन गेली. त्याने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत दोष नव्हता, हिशोब होता. "फेस मारायला लागेल," तो म्हणाला. "पुढच्या वेळी मात्र जागा राहणार नाही." हेड घासलं की ते पातळ होतं, वरची पोकळी लहान होते, दाब वाढतो; असं कितीही वेळा करता येत नाही. दगड फिरायला लागला. आधी कडांना लागला, मधला भाग कोराच. मग चकाकी कडांवरून आत सरकत गेली आणि शेवटी मधोमध मिटली.

गॅस्केट शोधायला त्याहून जास्त वेळ लागला. पद्मिनीचं उत्पादन थांबलं त्याला दोन दशकं उलटून गेली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींमुळे सुट्या भागांचा बाजार इतकी वर्षं तगला होता. शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 रोजी ताडदेवला नोंदवली गेली, टॅक्सीला 20 वर्षांची मुदत, म्हणून 2023 च्या ऑक्टोबरअखेर तीही रस्त्यावरून उतरली. वर्तमानपत्रांत हळवे लेख आले, निरोपाचे फोटो आले. मला त्या दिवशी गॅस्केटची काळजी वाटली होती, हे खरं. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या एका दुकानातून अखेर पार्सल आलं, वर जुनं वर्तमानपत्र, आत पुठ्ठ्याला बांधलेलं कोरं गॅस्केट. पूर्वी अशा गॅस्केटमध्ये तांब्याच्या दोन पत्र्यांमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, हे बिनॲस्बेस्टॉसचं होतं. मिस्त्रींना ते जरा हलकं वाटलं. त्यांना नवं सगळंच हलकं वाटतं.

बसवायच्या दिवशी मिस्त्री खुर्चीतून उठले. ब्लॉकचा माथा त्यांनी स्वतः पुसला. बोल्टांची भोकं फुंकून कोरडी केली. आत पाणी किंवा तेल राहिलं तर बोल्ट आवळताना त्याला पळायला जागा मिळत नाही आणि ब्लॉकला चीर जाऊ शकते. गॅस्केट ठेवलं, हेड वरून सरळ खाली सोडलं. मग टॉर्कचा पाना घेतला. सुरुवात मधल्या बोल्टापासून, मग त्याच्या समोरचा, मग पलीकडचा, असं मधून बाहेर. पहिल्या फेरीत नुसतं धरायचं, दुसरीत आवळायचं, तिसरीत पुरतं. कडेपासून सुरुवात केली तर पत्र्यातला फुगवटा मध्ये कोंडतो. त्यांचा हात थरथरत होता, पाना मात्र दर वेळी नेमक्या जागी कट्ट वाजायचा. मुलगा मागे उभा राहून ओठांत मोजत होता.

पाणी भरताना वाद झाला. मुलगा म्हणाला, डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट, निम्मं निम्मं. पाणी उशिरा उकळेल, आत गंज धरणार नाही, चुन्याचा प्रश्नच नाही. मिस्त्री म्हणाले, "आनि वाटंत आटलं तर?" मुलगा म्हणाला, "मग कॅन ठेवायचा डिकीत." डिकीतली जागा मी बघितली. हळदीची पुडी होती तिथे दोन कॅन बसले.

मिस्त्रींची अट होती, 500 किलोमीटर सपाटीवर चालवायची, घाट नाही, आणि मग बोल्ट पुन्हा आवळायला आणायची. नवं गॅस्केट आच घेतं, दबतं, बोल्टांची पकड थोडी ढिली पडते. कोल्हापुरातून सपाट रस्ता पूर्वेलाच जातो. मिरज, जत, मग वर आटपाडी. आटपाडीकडे आता टेंभू योजनेचं कृष्णेचं पाणी आलं आहे. जिथे बाभळी होत्या तिथे डाळिंबाच्या बागा आहेत. एका वस्तीवर मी गाडी सावलीला लावून बॉनेट उघडलं, नुसतं बघायला. एक पोरगा पाइप ओढत आला आणि म्हणाला, "पाणी मारू का गाडीत?" त्याला कॅन दाखवला. विकतचं पाणी गाडीला पाजतात याचं त्याला भारी नवल वाटलं. आईला बोलावून त्याने ते दाखवलं.

परत आले तर आत्या निघायच्या तयारीत. घाट उतरायला काय हरकत आहे, असा तिचा सवाल होता. "उतरल्यावर ताईंनी काय तिथंच ऱ्हायचं?" मिस्त्रींनी विचारलं. आत्याला एसटीने जावं लागलं आणि त्याबद्दल तिने मिस्त्रींना अजून माफ केलेलं नाही. बोल्ट आवळायचे ते इंजिन पुरतं गार असताना, आणि माझ्या घरापासून त्यांच्या शटरपर्यंत येईतो ते तापतंच. तेव्हा गाडी काल संध्याकाळीच तिकडे लावून आले, किल्ली त्यांच्या मुलाकडे दिली. उद्या सकाळी सातला बोलावलंय. दिवाळीच्या फराळाचा डबा आणायला सांगितलाय, आणि आत्याच्या हातचा असेल तरच.